गावच्या गायरानासाठी देशी गवताचं बी तयार करायचंय? मुंबईत राहून असं करा

गायरानावर परत गवत आणायचं असं ठरलं की मुंबई मंडळाच्या मिटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, बी कुठे मिळतं आणि किलोला काय भाव. माझं सांगणं एवढंच की विकत आणू नका, आपल्याच माळावरचं बी गोळा करा, त्याचा आधी एक छोटा प्लॉट करा, त्या प्लॉटचं बी वाढवा आणि मगच गायरानाला हात घाला. याला दोन वर्षं जातात आणि लोकांना घाई असते हे मला माहितीये, पण बाकी सगळं म्हणजे पैसा, जेसीबी, श्रमदानाला माणसं हे मंडळ कसंही उभं करतं, अडतं ते फक्त चांगल्या बियाण्यापाशी.

विकतचं का नको ते सांगतो. बाजारात सहज मिळतं ते नेपियर, गिनी असलं चाऱ्याच्या पिकाचं, ही दोन्ही मूळची आफ्रिकेची, पाणी आणि खत दिलं तर शेतात भरपूर चारा देतात, पण मुरमाड माळावर ५०० मिलिमीटर पावसात कोण त्यांना पाणी द्यायला बसणार. स्टायलो म्हणून जे बी वाटतात ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं द्विदल आहे. झाशीची गवत आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून काम करते, त्यांच्या अंजन गवताच्या बुंदेल जाती आहेत, राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल ०६-४० हा मारवेल गवताचा वाण आहे, आणि घरच्या जनावरांसाठी बांधावर चारा करायचा असेल तर जरूर लावा, मस्त येतो. पण हा चारा कापून घालण्यासाठी निवडलेला माल आहे. गायरानावर पाऊस ओढ देणार, मेंढरं बुडापर्यंत कुरतडणार, उन्हाळ्यात वणवा लागणार, आणि हे सगळं सोसून पुढच्या मृगाला परत फुटणारं गवत तुमच्याच तालुक्यात कुठेतरी एखाद्या बांधावर अजून उभं आहे. ते शोधायचं.

हे मी मुख्यतः माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या बाजूच्या मुंबईकरांसाठी लिहितोय, ज्यांच्या गावाची लालबाग-काळाचौकीला खोली आहे किंवा जे माथाडीत आहेत आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी गावाला जातात. वाडा, शहापूर, मुरबाडकडचं गणित वेगळं. तिकडे पाऊस धो धो, गवतंही वेगळी, आणि त्या पट्ट्यातून गवताच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना येतात ती सगळी पावसाळी डोंगरावरची. त्यांनी पद्धत हीच वापरा, पण गवत तिथलंच घ्या. देशावरचं बी कोकणात नि कोकणातलं देशावर नेऊ नका.

आता सुरुवात गणपतीपासून. गौरी-गणपतीला गावी गेलात की एक दिवस माळासाठी काढा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरला गवत फुलोऱ्यात येतं आणि फुलोऱ्याशिवाय गवत ओळखणं जाणकारालाही अवघड जातं. गायरानावर बघाल तर टाकळा, तरवड, गाजर गवत आणि कुसळ एवढंच दिसेल, म्हणजे जनावरं जे खात नाहीत ते शिल्लक राहिलंय. चांगलं गवत शोधायला कडेकडेने जा, जुने शेताचे बांध, म्हसोबाच्या किंवा बिरोबाच्या माळाभोवतालची राखलेली जागा, स्मशानाची कड, ओढ्याची दरड, जिथे जिथे जनावराचं तोंड कमी पोचतं तिथे. सोबत एखादा मेंढपाळ म्हातारा घ्या. कुठलं गवत मेंढी आधी खाते, कुठलं फक्त कोवळं असताना खाते, हे तो तुम्हाला चालता चालता सांगेल, आणि हे ज्ञान कुठल्या वेबसाईटवर नाही.

काय शोधायचं तर मुख्य चार. पहिलं मारवेल, जरा काळी आणि खोल माती लागते, त्याचं कांडं हातात धरून जवळून बघा, गाठीवर पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं आणि तुरा बोटांसारखा फाकलेला, जांभळट झाक असलेला. दुसरं पवना नाहीतर शेडा, म्हणजे सेहिमा, हे हलक्या जमिनीतलं, एकच सरळ कणीस. आपल्या दख्खनच्या माळाची जी खरी गवतं, त्यात हा सेहिमा आणि मारवेल ही मुख्य जोडी धरतात. तिसरं डोंगरी गवत, मुरमाच्या उतारावरही धरतं, तुरा मोकळा आणि दाण्याच्या बुडाशी तांबूस सोनेरी केस. चौथं अंजन, कोल्ह्याच्या शेपटीसारखं मऊ केसाळ कणीस, कमी पावसाला सगळ्यात चिवट. नावांवर मात्र विसंबू नका, शेजारच्या तालुक्यात त्याच नावाने दुसरंच गवत दाखवतील. मुळासकट, फुलोऱ्यासकट एक रोप उपटून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा, वर जागा आणि तारीख लिहा आणि मुंबईला आणा. इथे धोबीतलावाला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे नमुने तिथे जपलेत, आधी विचारून, वेळ ठरवून गेलात तर नमुना ताडून बघता येतो. मुंबईत राहण्याचा हा फायदा आहे, तो घ्या.

कुसळ नावाचं गवत गोळा करू नका. त्याच्या दाण्याला असलेलं टोकदार कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो आणि दाणा स्क्रूसारखा आत शिरतो, तो मातीत शिरण्यासाठी आहे पण मेंढीच्या लोकरीतून कातडीतही तसाच शिरतो, तोंडात जखमा करतो. ते माळावर आहेच, आपण आणखी पेरायची गरज नाही.

बी गोळा करायला दिवाळी. हा योग फार चांगला आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला दाणा पिकतो आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना सुट्टी असते. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्वारीसारखं सगळं शेत एकदम पिकत नाही, एकाच ठोंबावर एक कणीस गळून गेलेलं, दुसरं पिकलेलं आणि तिसरं अजून फुलात असतं. कणीस चिमटीत बुडाशी धरून वरच्या दिशेने हलकं ओढा. पिकलेलं असेल तर दाणे आपसूक हातात येतात, ओढायला जोर लागला तर कच्चं आहे, सोडून द्या, आणि शेंडा आधीच मोकळा झाला असेल तर समजा की आजच काढायचंय, दोन दिवसांनी काही राहणार नाही. विळ्याने सगळं कापून आणलं तर अर्ध्याहून जास्त पोचट निघतं. सकाळी दंव उडता उडता काढायला बसा, दुपारी वाऱ्यात बरंच उडून जातं.

किती ठोंबांवरून घ्यायचं, तर एका जातीसाठी किमान पन्नास, आणि ते एकाच बांधावरचे नकोत, चार-पाच वेगवेगळ्या जागांचे. याला कारण आहे. मारवेल आणि अंजन या दोन्हींत बरंचसं बी नर-मादीच्या मिलनाशिवायच तयार होतं, म्हणजे पोर हुबेहूब आईची नक्कल. एका जोमदार ठोंबावरून पिशवी भरलीत तर तुमचं अख्खं गायरान म्हणजे एकच झाड हजार वेळा लावल्यासारखं होईल, आणि त्याला एखादा रोग किंवा एखादा वाईट दुष्काळ सोसला नाही की सगळं एकदम जाईल. आणि कुठल्याही जागेवरचं सगळं बी ओरबाडू नका, चार भागांपैकी एक घ्या, तीन तिथल्या मातीला ठेवा. अभयारण्यातून, वनखात्याच्या जागेतून परवानगीशिवाय अजिबात काढू नका. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, बहुतेक गावांत ती कागदावरच असते, तिला या कामात घ्या, कागदही होतो आणि गावातली माणसंही जोडली जातात.

बी कापडी पिशवीत भरा, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी येते. गावीच सावलीत गोणपाटावर तीन-चार दिवस पसरून वाळवा, कडेने राखेची रेघ ओढा नाहीतर मुंग्या रात्रीतून निम्मं वाहून नेतात. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, त्यावर गवताचं नाव, जागा, तारीख, किती ठोंबांवरून काढलं. पेनाने लिहू नका, पेन्सिलने लिहा, शाई फुटते.

मग हे सगळं एसटीने मुंबईला आलं की पुढचं काम घरातलं, आणि हे काम खोलीवर पाच-सहा जण बसून छान होतं, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं सगळे करू शकतात. पंखा आधी बंद करा, हे बी पिसासारखं हलकं असतं. पांढऱ्या कागदावर मूठभर पसरा. आपण ज्याला दाणा म्हणतोय ते खरं तर टरफल आहे, केस आणि कुसळांसकट, आणि आत खरा दाणा असेलच असं नाही. दहा-वीस घ्या, अंगठा आणि बोट यांत चोळा. आत खसखशीसारखा कडक कण लागला तर भरलेलं, नुसताच भुस्सा झाला तर पोचट. मोबाईलचा टॉर्च खालून लावून काचेवर ठेवलं तरी भरलेल्याचा काळा ठिपका दिसतो. शंभर मोजून बघा आणि आकडा लिहून ठेवा. रानातलं बी आहे, शंभरात तीस-चाळीस भरलेले निघाले तरी नाराज होऊ नका. नंतर सुपाने हलकं पाखडा, फार जोराने पाखडलं तर चांगलंही उडतं. याच वेळी तणाचं बी वेचून काढायचं, गाजर गवताचं बी बारीक काळं असतं, टाकळ्याचं चपटं-टोकदार चकचकीत, आणि ते एक मूठ जरी गायरानावर गेलं तरी पुढची दहा वर्षं निस्तरत बसाल, म्हणून इथे आळस नको.

साठवणीचा प्रश्न मुंबईत मोठा आहे. हे ताजं बी पेरलं तर उगवत नाही, ते झोपलेलं असतं, अंजन-मारवेलला सहा महिने ते वर्षभर मुरावं लागतं आणि ती मुरण्याची जागा कोरडी हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे ओले लागतात, तिथे बियाणं काय टिकणार. त्यामुळे साफसफाई आणि तपासणी मुंबईत, साठवण गावाला. माळ्यावर, कोरड्या खोलीत, कापडी पिशव्या तुळईला टांगून. थोडं बी इथे ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या ओल्या झाल्या की बदलायच्या.

उगवण बघायला मार्च-एप्रिल चांगला, मुंबईचा उकाडा इथे कामी येतो. ताटलीत टिश्यू पेपरची घडी, पाण्याने ओली, वर मोजून पंचवीस बिया, अशा चार ताटल्या म्हणजे शंभर झाले. वर झाकण तिरकं. रोज पाणी शिंपडा पण साचू देऊ नका. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी कोंब मोजा. शंभरात चाळीस उगवले तर हिशोब सरळ आहे, शंभर रोपं हवी असतील तर अडीचशे बिया टाकायच्या. हा आकडा हातात नसताना किलोच्या हिशोबाने पेरणी करणं म्हणजे अंदाजपंचे, आणि बऱ्याच गावांत काम फसतं ते इथेच, बी भरपूर टाकलेलं असतं पण जिवंत थोडंच असतं.

मे महिन्याच्या मध्याला ट्रेमध्ये पेरा. भाजीच्या रोपांचे प्रो-ट्रे मिळतात ते घ्या, माती आणि शेणखत निम्मं निम्मं, बी वरवर ठेवून नुसती मातीची चिमूट भुरभुरा. बी खोल गेलं की कोंबाला वर यायला अवघड जातं. बॉक्स ग्रिलमध्ये ऊन येत असेल तर तिथेच ठेवा, नाहीतर सोसायटीला विचारून गच्चीवर. पण लक्षात ठेवा, मुंबईत फक्त रोपं करायची, बियाण्याचा प्लॉट इथे करायचा नाही, इथल्या अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात देशावरचं गवत लोळतं आणि दाणा भरायच्या आधी काळा पडतो. जूनच्या शेवटी रोपं चार-सहा आठवड्यांची झाली की पाऊस बघून गावाला न्यायची. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी जुलैत बांधावरच्या जुन्या मारवेलचे ठोंब खणून, मुळ्या असलेले दोन-तीन फुटवे वेगळे करून तेच लावले तरी चालतं, उलट जास्त खात्रीचं, फक्त वेगवेगळ्या बांधांवरचे घ्या.

प्लॉट दहा गुंठे पुरे. कुणाच्या तरी पडीक वावरात, घराजवळ, जिथे रोज कुणाची नजर पडते. दोन बाय दोन फुटांवर लावा, गुंठ्याला साधारण पावणेतीनशे रोपं बसतात. जाती वेगवेगळ्या ओळींत नाही, वेगवेगळ्या वाफ्यांत, म्हणजे काढताना मिसळणार नाही. शेणखत थोडं, युरियाच्या नादी लागू नका, पाला वाढतो आणि दाणा राहतो. उन्हाळ्यात मेंढरं बसवून जागा खतावली असेल तर वेगळं काहीच लागत नाही. पहिल्या वर्षी खरं काम एकच, खुरपणी, निदान तीन वेळा. माणमध्ये ऑगस्टला पाऊस ओढ देतो हे गृहीत धरा आणि तेव्हा एक-दोन पाणी देण्याची सोय आधीच बघून ठेवा, पुढे परतीचा पाऊस आला की ठोंब फोफावतात. दुसऱ्या वर्षी पावसाच्या आधी वाळलेला भाग चार-पाच बोटं ठेवून कापून टाका, म्हणजे सगळे ठोंब एका वेळेला फुटतात आणि फुलोराही जवळजवळ येतो. फेब्रुवारीच्या आत प्लॉटभोवती सहा-सात फूट गवत खरडून जाळपट्टा काढा, वणवा विचारून येत नाही.

प्लॉटवरचं बी काढताना मी मघाशी सांगितलं तसंच, चिमटीने, पण इथे चार-पाच दिवसांनी एक अशा तीन-चार फेऱ्या मारायच्या, आणि इथे गावातलं माणूस लागतं, मुंबईहून येऊन-जाऊन हे होणार नाही. मंडळाने पैसे खर्च करायचेत ना, तर इथे करा, गावातल्या दोन-तीन बायकांना दिवसाची नीट मजुरी द्या, त्यांच्या हाताला खुरपणीची आणि वेचणीची सवय असते, भरलेलं कणीस त्या न बघता ओळखतात. दहा गुंठ्यांतून पहिल्यांदा जेमतेम एक हेक्टरला पुरेल एवढं बी धरा, जास्त मिळालं तर आनंद आहे.

आता गायरान. सरकारी जमीन आहे, ग्रामपंचायतीच्या ताब्यात, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव आधी. आणि त्याच्याही आधी धनगरवाड्यावर जाऊन बसा. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण मुंबईहून आलेली माणसं चराईबंदीचा ठराव करून टाळ्या वाजवून निघून जातात आणि ज्यांचं पोट त्या माळावर आहे त्यांना कुणी विचारत नाही. बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे नेमकं आपलं गवत कोवळं असतं तेव्हाच मेंढरं गावात असतात. अख्खं गायरान बंद केलं तर ती जाणार कुठे? म्हणून एका वेळी चौथाच हिस्सा बंद ठेवायचा, कुठला ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं, आणि राखणदारीही त्यांच्यातल्याच कुणाला पगार देऊन सोपवायची. हिवरेबाजारला चराईबंदी टिकली कारण गवत कापून न्यायला लोकांना मुभा होती, नुसत्या बंदीने ती टिकली नसती. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ माळरानं आणि पशुपालक यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, माळ आणि मेंढपाळ ही दोन नावं त्यांनीही एकत्रच घेतलीत.

जमिनीची नांगरट नको. उतार असेल तर समतल चर, आणि बाकी ठिकाणी नुसतं कुळवाने किंवा दाताळ्याने ओरखडे. झाडं लावायचा मोह आवरा, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ तर नकोच, माळ हा माळ म्हणूनच चांगला असतो, ससे, लावे, खोकड, तितर सगळे त्या मोकळ्या गवतावर जगतात. बी चार-पाच पट ओलसर रेतीत किंवा मातीत मिसळा म्हणजे उडत नाही आणि सारखं पडतं. चांगल्या उगवणीच्या अंजनचं हेक्टरी चार-पाच किलो धरतात, तुमची उगवण कमी असेल तर त्या प्रमाणात वाढवा. खोलगट काळ्या जागी मारवेल, मुरमाच्या उतारावर डोंगरी आणि पवना, अगदी कोरड्या टेकाडावर अंजन, असं जागा बघून टाका, सरसकट मिश्रण करून फेकू नका. पहिल्या पावसाला भुलू नका, माती वीतभर ओली झाली की मग फेका, आणि वरून काटेरी फांदी ओढत न्या, तेवढी माती पुरते.

त्या वर्षी त्या हिश्श्यावर जनावर नाही. दुसऱ्या वर्षीही बी पिकून खाली सांडेपर्यंत नाही, म्हणजे दिवाळी होईपर्यंत, त्यानंतर मेंढरं खुशाल सोडा, त्यांच्या खुरांनी बी दाबलं जातं आणि अंजनचं बी लोकरीला चिकटून पुढच्या माळावर जातं. आणि प्लॉटवरच्या बियाण्यातलं तिसरा हिस्सा दरवर्षी मागे ठेवायचाच, कितीही मागणी आली तरी, कारण पेरलं आणि पाऊस गेला असं एखादं वर्ष माणमध्ये येणारच, तेव्हा परत पेरायला पिशवीत काहीतरी हवं.